दोन बोटं माया

आकाशवाणीच्या केंद्रावरून फोन आला. नाताळच्या आठवड्यासाठी एक भाषण हवं होतं. विषय होता, 'ख्रिस्ती श्रद्धा आणि मुलांची स्वतःविषयीची ओळख'. मी म्हणालो, "बाई, तुमचा नंबर चुकलेला दिसतो. मी मुसलमान आहे. कविता लिहितो, त्याही मराठीत. एखाद्या फादरना विचारा." त्या म्हणाल्या, "फादर बोलणारच आहेत. पण शेजाऱ्याला काय दिसतं, तेही ऐकायला हवं." शेजाऱ्याला पुष्कळ दिसतं, हे खरं. काही वेळा घरच्यांपेक्षा जास्त दिसतं. म्हणून हो म्हणालो.

आमच्या वडिलांचं श्रीरामपूरला शिवणकामाचं दुकान होतं. आता ते धाकटा भाऊ चालवतो. या तालुक्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. हरेगावच्या मतमाउलीची सप्टेंबरातली यात्रा तर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तिथं मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू असतात, आमच्यातलेही असतात. माउली हा शब्द वारकऱ्यांचा, आणि तो येशूच्या आईला इतका सहज लागला की कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वडिलांकडे वर्षातून दोनदा पांढऱ्या कापडाचा ढीग पडायचा. एकदा नाताळच्या आधी आणि एकदा मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या आधी. मुलींचे पांढरे झगे, मुलांचे पांढरे सदरे. मी शाळेतून आलो की काजं करायला बसायचो. पांढऱ्या कापडाला हाताचा मळ लागू नये म्हणून वडील आधी हात धुवायला पाठवायचे. येशूविषयी मला पहिली माहिती मिळाली ती अशी, हात धुऊन.

हे पांढरे कपडे कशासाठी, ते थोडं सांगितलं पाहिजे. कॅथलिक घरात मूल जन्मलं की काही आठवड्यांत, महिन्यांत त्याचा बाप्तिस्मा होतो. डोक्यावर पाणी ओततात, नाव ठेवतात. आईबापांखेरीज धर्मपिता आणि धर्ममाता असे आणखी दोन पालक त्या मुलाला मिळतात. त्या वेळी मुलाला कळत काहीच नसतं. मग सातव्या-आठव्या वर्षी, म्हणजे चांगलं-वाईट कळू लागलं असं समजलं जातं तेव्हा, पहिलं कम्युनियन. त्याआधी पहिलं पापनिवेदन. आठ वर्षांचं पोर फादरसमोर जाऊन 'मी बहिणीला मारलं, आईशी खोटं बोललो' हे स्वतःच्या तोंडानं सांगतं. पुढं जाणत्या वयात दृढीकरण. लहानपणी जे दुसऱ्यांनी माझ्या वतीनं कबूल केलं, ते आता मी स्वतः कबूल करतो, असा त्याचा अर्थ. प्रॉटेस्टंट मंडळींत कम्युनियन बहुधा दृढीकरणानंतर असतं, आणि त्यांची रविवारची शब्बाथ शाळा असते. तपशिलात फरक आहे, पण चाल एकच. आधी तुला नाव देऊ, मग गोष्ट सांगू, मग तू मोठा झालास की विचारू, हे तुझं आहे का?

हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या पिढीनं मुलांच्या बाबतीत तो नेमका उलटा केला. त्याविषयी पुढं सांगतो.

आमच्या घराशेजारी एक ख्रिस्ती आजी राहतात. आयुष्यभर एका दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली. मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला अजून 'टेलरचा पोरगा' म्हणतात, पन्नाशी उलटली तरी. त्यांची नात चौथीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून आली ती दप्तर न उतरवता ओट्यावर बसून राहिली. गळ्यात बारीक साखळीत क्रूस असायचा, तो तिनं काढून कंपासपेटीत ठेवला होता. खूप विचारल्यावर कळलं. वर्गातल्या एका मुलानं विचारलं होतं, "तुमच्या विहिरीत पाव टाकला होता ना?"

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पाद्री आले, त्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावानं ते पाणी प्यालं, गाव बाटलं. किनारपट्टीवर पोर्तुगिजांच्या काळापासून ती सांगितली जाते आणि सांगता सांगता घाट चढून वर आली आहे. सांगणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही. त्या पोरानंही घरी ऐकलं असेल, तेच बोलला. पण ऐकणाऱ्या पोरीला त्यातून इतकंच कळतं की आपलं सगळं घराणं एका फसवणुकीतून निघालं आहे. आपण खरे कुणीच नाही. कुणीतरी चोरून टाकलेल्या पावाचा परिणाम आहोत.

मावशींची सून म्हणाली, "उद्या जाऊन बाईंना सांगते." मुलगा म्हणाला, "जाऊ दे, वाढवू नको. क्रूस घरीच ठेवत जा म्हणावं." मी तिथंच होतो आणि मला मुलाचं म्हणणं पटलं. पटलं, कारण मीही हेच केलं होतं.

माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना, शाळेत तिला कुणीतरी 'तुम्ही पाकिस्तानचे ना?' असं विचारलं. मी तिला एक उत्तर पाठ करून दिलं. "सांगायचं, आमचे अब्बा मराठी कवी आहेत. त्यांची कविता पेपरात येते." पोरीनं ते पाठ केलं आणि पुढं कितीतरी वर्षं वापरलं. बसमध्ये, वसतिगृहात, भाड्याची खोली बघताना. मला त्याचं मोठं कौतुक होतं. ती नोकरीला लागल्यावर एकदा बोलता बोलता म्हणाली, "अब्बा, तुम्ही मला दुसऱ्यांना काय सांगायचं ते शिकवलंत. मला काही सांगितलंच नाहीत." मी शेख महंमदांचं नाव घेतलं. श्रीगोंद्याचे, सतराव्या शतकातले, 'योगसंग्राम' लिहिणारे. आपली परंपरा तिथपासून आहे, म्हणालो. ती म्हणाली, "हे तुम्ही व्याख्यानात सांगता. घरी कधी सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिच्या हातात दाखला दिला होता. घर दिलं नव्हतं.

मावशींनी मात्र त्या दिवशी ना शाळेत कुणाला पाठवलं, ना क्रूस पुन्हा गळ्यात घालायला लावला. नातीला जवळ घेतलं आणि हसल्या. म्हणाल्या, "आगं येडे, आपल्याला इहीर होतीच कुठं?"

एवढं एकच वाक्य. मी मान खाली घातली. कारण ते खरं होतं. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती हे पूर्वीचे महार आणि मांग. ज्यांना गावाच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्यांच्या विहिरीत पाव कोण टाकणार आणि कशाला? पोरीला हे लगेच कळलं नाही. विहीर नव्हती मग पाणी कुठलं प्यायचे, असं तिनं विचारलं. मावशी म्हणाल्या, "कुणी वरून वाढलं तर." वरून वाढणं म्हणजे काय, हे त्या पोरीला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मावशींनी तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत पाणी ओतून दाखवलं.

मग नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्या तिला मूळ गावी घेऊन गेल्या. हा दिवस कॅथलिक लोक मृतांच्या स्मरणाचा म्हणून पाळतात. दफनभूमी झाडतात, कबरींना चुना लावतात, फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. सोबत पुरुषमाणूस हवा म्हणून मी गेलो. तिथं कोपऱ्यात एक नुसता धोंडा होता, काही लिहिलेलं नसलेला. मावशी म्हणाल्या, "हे माझे आजोबा. म्हणजे तुझे खापरपणजोबा. अक्षर येत नव्हतं त्यांना, त्यांच्यावर लिहिणारंही कुणी नव्हतं." त्यांच्याशेजारी दुसरी कबर, तिच्यावर दगडात कोरलेलं नाव, तारीख आणि बायबलातलं वचन. "आणि हे माझे वडील. मिशनच्या शाळेत मास्तर होते." पोरीनं बोट फिरवून अक्षरं वाचली. मग बिनअक्षराच्या धोंड्याकडे पाहिलं, पुन्हा अक्षरांकडे पाहिलं. चुन्याचं डबडं माझ्या हातात होतं, त्यामुळं मला डोळे पुसता आले नाहीत.

अमेरिकन मिशनरी नगरला १८३१ साली आले. सिंथिया फॅरर बाईंनी तिथं मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांचं शिक्षिका होण्याचं शिक्षण झालं त्यात नगरचा वाटा आहे. नंतर जर्मन आणि स्विस जेझुइट फादर या भागात आले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि पुढं १८९९-१९०० चा दुष्काळ, या काळात मिशननं धान्य दिलं, अनाथ पोरं सांभाळली, आणि बरेच लोक ख्रिस्ती झाले. 'धान्यासाठी बाटले' हे टोचून बोलणं तेव्हापासूनचं. नातीनं परतीच्या एसटीत तेही विचारलं. मावशी काही लपवणाऱ्यांपैकी नाहीत. म्हणाल्या, "आले असतील धान्यासाठी. भूक लागली होती. पण धान्य दुष्काळ सरल्यावर बंद झालं. मग परत का नाही गेले, ते विचार."

मुलांना श्रद्धेतून ओळख द्यायची म्हणजे काय, याविषयी पुस्तकं पुष्कळ आहेत. मला त्यातलं महत्त्वाचं एसटीतल्या त्या बाकावर कळलं. मुलाला आपल्या घराण्याची गोष्ट खरी सांगायची, लाज वाटेल तो भाग गाळायचा नाही. ख्रिस्ती धर्मात याला आधारही आहे. त्यांच्या पवित्र शास्त्रात एवढी माणसं आहेत, पण धडधाकट, निष्कलंक म्हणावा असा क्वचितच कुणी सापडतो. दावीद राजा परस्त्रीच्या मोहात पडतो. पेत्र संकटाच्या रात्री येशूला ओळख दाखवत नाही, तीनदा नाही म्हणतो, आणि तोच पुढं मंडळीचा पाया होतो. मावशींच्या नातीनं क्रूस कंपासपेटीत लपवला, तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या सिस्टरनी तिला पेत्राची गोष्ट सांगितली. रागावल्या नाहीत. लपवणाराही आपलाच असतो, एवढं पोरीला कळलं.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या भागात कित्येक मुलांना दोन नोंदी असतात. चर्चच्या वहीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. याचं कारण कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना दिल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांना त्या मिळाल्या नाहीत. देव बदलला म्हणून गावानं अंगावर टाकलेली जात उतरत नाही, पण सवलत तेवढी उतरते. मग बाप विचार करतो, पोराचं शिक्षण व्हायला हवं. दाखल्यावर जुनीच नोंद राहू देतो. मी त्या बापाला दोष देणार नाही. पण मुलाच्या बाजूनं पाहा. रविवारी देवळात एक, सोमवारी शाळेत दुसरा. (आमच्याकडची म्हातारी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) 'बाहेर सांगू नको' हे वाक्य ज्या मुलाला रोज ऐकावं लागतं, त्याची श्रद्धा चोरीच्या मालासारखी होते. हा प्रश्न घरात सुटणारा नाही. पण तो आहे, हे मुलाशी बोलता तरी येतं.

नावांचंही तसंच आहे. वसईकडचे ख्रिस्ती म्हटले की आपल्याला लोपीस, परेरा, डाबरे, डिमेलो आठवतात. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं तिथं पोर्तुगीज होते, त्यांची ही आडनावं. नगरकडे मात्र गायकवाड, साळवे, उजागरे, पंडित. पहिली नावं शांतवन, करुणा, कृपा, दाऊद, मार्था. दोन्हीकडची माणसं मराठी, दोन्हीकडची ख्रिस्ती, तरी लग्नपत्रिका शेजारी ठेवल्या तर कुणाला वाटेल दोन देश आहेत. वसईच्या मुलाला 'तू गोव्याचा का?' असं विचारतात आणि नगरच्या मुलाला 'तू ख्रिश्चन वाटत नाहीस' असं सांगतात. मला लोक म्हणतात, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' म्हणजे ते असायला नको होतं. तिन्ही वाक्यांचं मूळ एकच.

या बाबतीत रेव्हरंड टिळकांचं घर मला पुन्हा पुन्हा आठवतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही, भाषा बदलली नाही. भजनं लिहिली, कीर्तनं केली. लक्ष्मीबाई सुरुवातीला त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांना पटायला पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत दत्तू हा लहान मुलगा आईबापांच्या या ताणामध्ये वाढला. एवढ्या ओढाताणीत वाढलेलं पोर कडवट व्हायचं. पण देवदत्त टिळक पुढं लेखक झाले, संपादक झाले, पंडिता रमाबाईंचं चरित्र त्यांनी लिहिलं. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला त्याचं एक कारण दिसतं. त्या घरात काही लपवलेलं नव्हतं. आई आपल्या सोवळ्याची फजिती स्वतःच हसत हसत सांगते. शिवाय त्याच घरात नगरला बालकवी ठोंबरे काही काळ घरच्या मुलासारखे राहिले. राहिले आणि हिंदूच राहिले. त्यात कुणालाच काही अडचण वाटली नाही. ज्या घराला आपण कोण ते ठाऊक असतं, त्या घराला दुसऱ्याचं मूल आपल्यासारखं करून घ्यायची घाई नसते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून कठीण. इंग्लंडमध्ये १८८३ साली वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. रमाबाई शिकायला दुसऱ्या गावी असताना मुलगी तिथल्या सिस्टर मंडळींकडे राहत होती. तिला काय शिकवायचं, यावरून रमाबाईंनी या प्रेमळ बायकांशी पत्रांतून चांगलाच वाद घातला. धर्म स्वीकारला म्हणजे अमुक एका पंथाची चौकट आणि इंग्रजी राहणी स्वीकारली असं नाही, हे त्यांचं म्हणणं. मनोरमेला आपल्या देशातल्या माणसांची लाज वाटू नये, ती त्यांच्यातलीच एक म्हणून वाढावी, याबद्दल त्या हट्टी होत्या. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधारावर राहत असताना, नव्यानं स्वीकारलेल्या धर्माच्या वडीलधाऱ्यांना एका आईनं सांगणं की माझ्या मुलीला येशू द्या, पण तिचा देश काढून घेऊ नका, याला केवढं धैर्य लागलं असेल! ती मनोरमा पुढं आईच्या कामात उतरली आणि आईच्या आधी एक वर्ष, १९२१ साली गेली. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटी बायबलचं अख्खं भाषांतर साध्या मराठीत पूर्ण केलं. साध्या बायकांना ते वाचता यावं म्हणून.

भाषेचा हा धागा खूप मागं जातो. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही मराठीत. त्याची सुरुवात कशी झाली, हे त्यांनी ग्रंथातच सांगितलं आहे. साष्टीतल्या एका गावी रविवारी देवळात मुलाबाळांना धर्माची शिकवण चालली होती. तेव्हा एका ब्राह्मणानं पाद्रीला विचारलं, की शिकवण ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं गेली, त्यांच्या जागी वाचायला काही द्याल की नाही? पोर्तुगिजांनी लोकांच्या हातून त्यांच्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, त्याचं हे गाऱ्हाणं. स्टीफन्सना त्यातलं दुःख कळलं. नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून माणूस उभा राहत नाही, त्याला आपल्या जिभेवर खेळणारी गोष्ट लागते, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडच्या चर्चमधून लॅटिन जाऊन मराठीत मिस्सा व्हायला मात्र विसाव्या शतकातली दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते ६५, उजाडावी लागली.

चित्रांचं सांगतो आणि हा भाग संपवतो. मावशींच्या घरी भिंतीवर येशूचं जे चित्र आहे, त्यात तो निळ्या डोळ्यांचा आहे. नातीनं मला विचारलं होतं, "काका, येशू गोरा होता का?" मी म्हणालो, पॅलेस्टाइनचा होता, उन्हात फिरणारा सुताराचा पोरगा, आपल्यासारखाच सावळा असेल. मग मी तिला आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराची चित्रं दाखवली. १९६७ साली ते वारले. पुण्याच्या क्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी साडीतली मरिया काढली, आपल्या बायकांसारखी. गोव्यात तेव्हा पुष्कळांना ते रुचलं नाही. नातीनं मात्र एका चित्राकडं बघून सांगितलं, "ही आजीसारखी आहे. तरुणपणची." तिला कुणी कलेचा इतिहास शिकवला नव्हता.

तिनंच मला एकदा विचारलं, "तुमच्यात येशू आहे का?" मी सांगितलं, आहे, आम्ही त्यांना हजरत ईसा म्हणतो, आणि त्यांच्या आईच्या नावाचा, मरियमचा, एक अख्खा अध्याय कुराणात आहे. कुराणात नावानं आलेली ती एकटीच स्त्री. पोरगी खूश झाली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण मानता, की तो देवाचा पुत्र?" मी म्हणालो, "नाही, ते आम्ही मानत नाही." थोडी हिरमुसली. मावशी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "त्याचं त्याला, आपलं आपल्याला. चहा टाक त्याच्यासाठी." सगळे धर्म एकच सांगतात, असं आपण भाषणांत म्हणतो. मुलांना ते पटत नाही, कारण ते खरं नाही. फरक आहे, आणि फरक असूनही चहा मिळतो, हे मुलांना जास्त लवकर समजतं.

एका रविवारी मापं घ्यायला म्हणून मी त्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात गेलो होतो. भाऊ आजारी होता. तिथं चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चालली होती. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला माणूस, पुजारी बाजूनं निघून जातो, मंदिराचा सेवकही जातो, आणि ज्याला सगळे हलका समजतात तो परजातीचा शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेत नेऊन पैसे भरतो. सिस्टर मुलांकडून नाटक करून घेत होत्या. धर्मशाळेवाला व्हायला कुणी तयार नव्हतं, त्याला संवाद नव्हते. मग मला बसवलं. गळ्यात टेप, हातात वही, धर्मशाळेवाला शोभलो म्हणे. मुलांनी मारामारीचा भाग फार मनापासून केला. नंतर सिस्टरनी विचारलं, "आपल्या वर्गात शोमरोनी कोण?" मुलं गप्प झाली. एकानं पारधी वस्तीवरून शाळेत येणाऱ्या एका मुलाचं नाव घेतलं. त्याच्याशेजारी डबा खायला कुणी बसत नाही, म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "मग उद्या कोण बसणार?"

मला वाटतं, ओळख घडते ती इथं. 'आम्ही ख्रिस्ती' या शब्दांनी नव्हे, 'ख्रिस्ती म्हणून उद्या मी डब्याच्या वेळी कुठं बसणार' या प्रश्नानं. याच्या उलटंही होतं, तेही सांगितलं पाहिजे. काही घरांत मुलांना शिकवतात की बाहेरचे सगळे अंधारात आहेत, त्यांचा प्रसाद घेऊ नको, त्यांच्या सणाला जाऊ नको. आमच्यातही असं शिकवणारे आहेत, वेगळ्या शब्दांत. अशा मुलाभोवती कुंपण पक्कं होतं, पण आत लावलेलं झाड खुरटतं. दुसरीकडे इंग्रजी शाळेत जाणारी मुलं. त्यांना आजीचं भजन कळत नाही आणि आजीला त्यांचं कॅरल कळत नाही. नाताळच्या रात्री दोघी शेजारी उभ्या राहून वेगवेगळं गातात.

मावशींच्या नातीनं पुढं काय केलं, हे मला तिच्या आईकडून कळलं. तिनं त्या मुलाला मधल्या सुट्टीत गाठलं आणि सांगितलं, "आम्हाला विहीरच नव्हती. तुमच्या विहिरीवर आम्हाला येऊ देत नव्हते." मुलगा म्हणाला, "का?" तिला 'का' माहीत नव्हतं. मग दोघं बाईंकडे गेली. बाईंनी त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवून चवदार तळ्याची, १९२७ सालची गोष्ट सांगितली. असं शिकवणाऱ्या बाई अजून आहेत, हे ऐकून बरं वाटलं. क्रूस गळ्यात परत कधी आला, ते कुणी पाहिलं नाही.

मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन झालं. झगा आमच्याकडेच शिवायला आला. भाऊ कापायला बसला तेव्हा मी त्याला म्हणालो, दोन बोटं माया ठेव. शिलाईच्या आत दाबून ठेवलेल्या जादा कापडाला आमच्या धंद्यात माया म्हणतात. वडील नेहमी ठेवायचे. "बच्चा बढता है, कपडा नै बढता," असं दखनीत म्हणायचे. मावशी दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोन नको रे, तीन ठेव. पुढं धाकटीला व्हायचाय. ती अंगानं हिच्यापेक्षा मोठी आहे."